दुकानात की बोटीवर

अरे थांब, कुठे निघालास? आधी हे ऐक, काल सकाळी काय झालं ते.

मी बोलतोय, बोटीच्या मागच्या बाकाजवळचा स्क्रीन. हो, तोच, मासे दाखवणारा. पाण्यात आवाज सोडायचा, तो तळाला आणि माशांना आपटून परत आला की पाणी किती खोल आहे, मासे कुठे आहेत ते काढून दाखवायचं, एवढंच माझं काम. म्हणजे असायला हवं होतं. सगळी भानगड तिथेच आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पांढरे दिवे, रबरी हातमोजे आणि पाठीवर चिकटवलेला नंबर. पुढचे सहा महिने शहरातल्या एका दुकानात, बंद खोक्यात. शेजारच्या काचेच्या कपाटात माझाच एक भाऊ दिवसभर चालू असायचा. कोरड्या कपाटात, पाण्याचा थेंब नाही, पण त्याच्या पडद्यावर मासे नुसते बागडत असायचे. डेमो म्हणतात त्याला, गिऱ्हाइकांसाठी केलेली खोटी फिल्म. लोक थांबायचे, तोंड उघडं ठेवून बघायचे. मी खोक्यातून ऐकायचो आणि जळायचो.

मग मला चष्मेवाल्यांनी घेतलं. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. माणूस इतका सरळ की फॉर्मवर वय विचारलं तर वर्षांपुढे महिनेही लिहील. घरी जाईपर्यंत दम निघेना, म्हणून दुकानातच, फ्रेमांच्या ट्रे बाजूला सारून, त्यांनी मला काउंटरवर उघडलं आणि चालू केलं.

पहिल्यांदा चालू झालो की मी एक प्रश्न विचारतो. ‘कुठे वापरणार? दुकानात की बोटीवर?’ तो प्रश्न विकणाऱ्यांसाठी असतो रे. ‘दुकानात’ म्हटलं की डेमो सुरू.

चष्मेवाल्यांनी मान वर करून चारी भिंती बघितल्या. आरसे, फ्रेमा, अक्षरांचा तक्ता. आणि ‘दुकानात’ दाबलं.

काय बोलणार तू? माणूस खरं तेच सांगत होता.

माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात ‘डेमो’ असा बारीक शब्द येतो, त्यावरून तरी कळलं असतं. पण त्यांनी नेमका तिथेच आपल्या दुकानाचा स्टिकर लावला. ‘येथे डोळे तपासून मिळतील.’

तर तेव्हापासून तीन महिने मी तीच दीड मिनिटाची फिल्म दाखवत होतो. चौदा मीटर खोली, खाली वाळू, सगळीकडे मासे, आणि अडतिसाव्या सेकंदाला एक भलामोठा मासा. तो आला की चष्मेवाले पुटपुटायचे, “आला बघ माझा राजा.” दर रविवारी, दर दीड मिनिटाला. आणि त्यांचा चेहरा असा उजळायचा ना, की मला सांगावंसंच वाटायचं नाही. तसं सांगणार तरी कसं होतो म्हणा. पण मनातूनही नको वाटायचं, हे कबूल करतो.

बोट छोटी आहे, पाच पावलांत संपते. ती दोघांच्या मालकीची, चष्मेवाले आणि त्यांचे साडू. साडू म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. मास्तर पुढे सुकाणूपाशी, समोर त्यांचा चार वर्षांचा जुना स्क्रीन. मी त्याला थोरला म्हणतो. काच चरे पडलेली, पण बोलणं चोख. तो तीन मासे दाखवायचा, त्यातले दोन मास्तरांच्या बादलीत यायचे. मी तीनशे दाखवायचो आणि आमची बादली कोरडी.

चष्मेवाल्यांनी आधी आमिष बदललं, मग गळ, मग स्वतःचा लाल शर्ट.

मास्तरांना मात्र वेगळीच शंका. “साडू, हे कसं काय? माझ्याकडे तीन, आणि पाच पावलं मागे तुझ्याकडे शाळा सुटल्यासारखे मासे?”

“नवीन आहे हो तो. तुमच्या स्क्रीनचाही आता नंबर वाढलाय.”

“नंबर वाढला असेल, पण बादली बघ माझी.”

हे असं महिनाभर. मास्तर गणिताचे, पण हावेपुढे हिशेब कोण मांडतो? शेवटी धाकटी वैतागली. धाकटी म्हणजे चष्मेवाल्यांची बायको. दुकानातलं काचा घासायचं मशीन तीच दुरुस्त करते, आणि सोबतचं माहितीपुस्तक वाचणारी घरात ती एकटीच.

“भावजी, एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकावून माना मोडतील तुमच्या. दोन्ही जोडूनच टाकते.”

“जोड, मेहुणीबाई. ह्याचे मासे मलाही दिसू देत.”

काल सकाळी तिने बाकांखालून केबल ओढली, क्लिपा ठोकल्या, एक टोक थोरल्याच्या पाठीत, दुसरं माझ्या. मग पुस्तक वाचून दाखवलं, “एकाने बोलायचं, दुसऱ्याने तेच दाखवायचं. मुख्य बंद पडला तर दुसरा आपोआप बोलायला लागतो. मुख्य कोणाचा करू?”

“ह्याचाच कर,” मास्तर म्हणाले. “मासे ह्याच्याकडे आहेत.”



थोरला गप्प झाला आणि त्याच्या पडद्यावर माझी फिल्म सुरू झाली. मास्तर हरखले. “अरे, हे इतके दिवस लपवून ठेवलंत?” आणि त्यांनी इंजिन वाढवलं. एरवी खाडीच्या तोंडाशी ते जपून जातात, कारण ओहोटीला तिथे खडक वर येतात. थोरल्याचा आकडा उतरला की ते वेग कमी करतात. काल आकडा उतरेचना. माझा आकडा कधी उतरतो का? चौदा म्हणजे चौदा.

केबलमधून थोरल्याने हळूच विचारलं, “चार वर्षं या वाटेनं जातोय मी. या वळणावर ओहोटीला दोनच्या वर कधी नसतं. तू चौदा कुठून आणलंस?”

मी म्हटलं, “दादा, मी अजून दुकानातच आहे.”

 तो म्हणाला, “मला बोलू दे.”

“मी मुख्य आहे. मी असेपर्यंत तुला बोलता येणार नाही.”

“मग?”

मग काय, दोघांनाही कळलं होतं. मी बंद पडायचं. पण बंद पडलेल्या स्क्रीनचं काय होतं माहीत आहे? माझं खोकं अजून त्यांच्या पलंगाखाली आहे, आणि परत करायची मुदत आज संपणार होती. धाकटी असल्या तारखा विसरत नाही. परत गेलेल्यांचे आतले भाग काढून घेतात, असं दुकानात ऐकलं होतं मी.

समोर चष्मेवाले. पस्तीस सेकंद झालेले. ते पुढे वाकले, राजाची वाट बघत. त्या बोटीवर पोहता येतं फक्त धाकटीला.

सदतिसाव्या सेकंदाला मी बंद पडलो.

पुढचं मला थोरल्याने नंतर सांगितलं. त्याने बोंब मारली, पीं पीं पीं, एक पूर्णांक एक मीटर. मास्तरांनी इंजिन मागे घेतलं. तळाला एकदा खर्र झालं आणि बोट थांबली. धाकटीने वाकून बघितलं. खडक इतका जवळ की हात घातला असता तर लागला असता.  मग वल्ह्याने रेटत रेटत बोट मागे आणली.

“बघ तुझा नवीन,” मास्तर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

“राजा येतच होता हो,” चष्मेवाले म्हणाले.

धाकटीने माझं बटण दहा सेकंद दाबून धरलं. मी परत जन्मलो आणि तोच प्रश्न विचारला. ती वाचत राहिली. मग नवऱ्याकडे वळली.

“तुम्ही काय दाबलं होतंत?”

“दुकानात. तिथेच तर होतो मी.”

मास्तर इतके हसले की बादली लवंडली. धाकटीने ‘बोटीवर’ दाबलं, स्टिकर नखाने खरवडून काढला, आणि घरी गेल्यावर खोकं रद्दीत टाकलं. म्हणजे मी राहिलो.

आता मी खरं बोलतो. काल परतताना आयुष्यात पहिल्यांदा मी पाण्याला हाक मारली आणि पाण्याने ओ दिली. दोन मासे, तेही बारीक. चष्मेवाल्यांनी बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.

“आधी छान दिसायचं,” ते म्हणाले.

एवढंच. मग चष्मा खिशात टाकून खाडीकडे बघत बसले. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. बोट वाचली, मीही वाचलो, पण माझ्याकडे असं बघणारं आता कोणी नाही. तू सांग ना, तुझ्याकडे कोणी दर रविवारी इतक्या आनंदाने बघत असतं, तर सदतिसाव्या सेकंदाला तू काय केलं असतंस?