आवडीच्या हातचे थेंब

रंगूबाईने जीपच्या पुढच्या सीटवर टोपली ठेवली, जीप चालवणाऱ्या भागोजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि टोपली पुन्हा उचलली.

"काय गो, काय झाला?"

"काय नाय रे. मी मागं बसते. पुढं वारा लागतो."

वारा खरं तर मागेच जास्त लागायचा. भागोजीने आरशात स्वतःचे डोळे पाहिले. लालभडक, सुजलेले, कडांना पाणी. हे डोळे अख्ख्या कुडपण गावाच्या ओळखीचे होते. शिमग्याआधी तो रोज असेच डोळे घेऊन फिरायचा. शेवटी त्याची बायको आवडी कपड्यांचं बोचकं बांधून माहेरी गेली. भागोजीने गावदेवीपुढे नारळ ठेवून दारू सोडली, तेव्हा कुठे ती परतली. उंबरठ्यावरच तिने बजावलं होतं, "परत वास आला, तर मंग मी नाय थांबायची."

त्यानंतर त्याने दारूला हात लावला नव्हता. पण थंडी पडली आणि डोळ्यांनी दगा दिला. चुरचुरत काय, वाळू गेल्यासारखे टोचत काय!  आवडी भाकरी वाढताना एकदा त्याच्या डोळ्यांकडे बघायची आणि ताट लांबूनच सरकवायची. तिने आरडाओरडा केला असता, तर त्याला उत्तर तरी देता आलं असतं.

पोलादपूरला माणसं उतरवून तो तसाच महाडला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी यंत्रातून पाहिलं, पापणीत कागदाची पट्टी अडकवली आणि म्हणाल्या, "डोळे कोरडे पडलेत."

"कोरडे कसले बाई? सकाळधरनं पानी गळतंय."

"कोरडे आहेत म्हणूनच गळतंय. डोळा चुरचुरला की पाणी येतं, पण ते टिकत नाही, ओघळून जातं. सकाळी गाडी कशी चालवता?"

"काचेवर वाफ धरते. मंग मान भाईर काढून."

"म्हणजे घाटातला गार वारा थेट डोळ्यांत! मान आत ठेवा, काच पुसत जा, साधा चष्मा लावा. कोमट फडक्याने शेका, चोळू नका. आणि हे थेंब दिवसातून चार वेळा. दुखू लागलं किंवा अंधूक दिसलं, तर लगेच या."

बाईंना जीपमध्ये घालून कुडपणला न्यावं आणि हेच पुन्हा सगळ्यांसमोर बोलायला लावावं, असं भागोजीला फार वाटलं.

घरी त्याने आवडीपुढे बाटली ठेवली आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते बनावट वाटू लागलं. कोरडं पडलं म्हणून पाणी येतं म्हणे! आवडीने बाटली उचलली.

"तुमाला नाय जमायचं. मी घालते."

तिने त्याला ओटीवर बसवलं, मान मागे करायला लावली, खालची पापणी ओढली. तिचा चेहरा अगदी जवळ आला. थेंब पडला तरी ती तशीच वाकून राहिली. तिच्या नाकपुड्या हलत होत्या.

भागोजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तितक्याच लवकर विझली. रागवायचा हक्क त्याने कधीच पिऊन टाकला होता. त्याने तोंड उघडलं आणि सावकाश श्वास सोडला.

मग ते रोजचंच झालं. दिवसाचे थेंब तो पोलादपूरला स्वतःच घाली, सकाळ-संध्याकाळचे आवडी. ती वाकायची, थांबायची. तो श्वास सोडायचा.  डोळे निवळले. रंगूबाई पुन्हा पुढच्या सीटवर बसू लागली, त्याच्या चष्म्याची थट्टाही करू लागली. आवडीचं वाकून थांबणं मात्र चालूच होतं आणि ते त्याला डोळ्यांपेक्षा जास्त टोचत होतं.

एका गारठ्याच्या सकाळी तिने पापणी ओढली आणि बोलायलाच सुरुवात केली.

"रंगूबाईची शेळी काल आपल्या पावट्यात शिरली व्हती. अर्धा वाफा खाल्ला तिनं. मी हाकलायला गेले, तर माझ्याच अंगावर येते!"

एक डोळा झाला, दुसरा झाला, शेळी काही संपेना. भागोजीने सवयीने तोंड उघडून लांब श्वास सोडला.

"आता ह्यो उसासा कशाला?" आवडी बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "मी काय सांगते ते ऐका ना."

भागोजी डोळे मिटून तसाच बसला. थेंब कानाकडे ओघळला, तो त्याने पुसला नाही.

"ऐकतोय गो," तो म्हणाला. "मंग? शेळीचं काय केलंस?"