भिंतीवर नाचणारा श्वास

"नाचला! अरे, नाचला! बघा, श्वास नाचला!"

गादीवाल्याच्या दुकानामागच्या गोदामात एकच गलका झाला. खिडक्यांवर जाड खोळी टांगून अंधार केला होता. त्या अंधारात आसपासचे सगळे खोकणारे, धापा टाकणारे आणि नुसतेच रिकामटेकडे लोक एकमेकांच्या पायांवर पाय देत उभे होते. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर एक लाल ठिपका वरखाली उड्या मारत होता. तो ठिपका म्हणजे म्हणे कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा श्वास. न्हाव्याला स्वतःच्या श्वासाचं इतकं कौतुक आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आनंदाच्या भरात तो आणखी धापा टाकत होता, आणि तो धापा टाकतोय म्हणून ठिपका आणखी उडत होता.

"गाठ सुटली!" किरणबाबा गरजले. "श्वासनाडीच्या सातव्या मजल्यावर, डावीकडच्या जिन्याखाली बसली होती चोरटी. किरणाने तिला मानगूट धरून बाहेर काढलं. टाका आता औषधं टोपलीत!"

न्हाव्याने खिशातला दम्याचा पंप काढला, कपाळाला लावला आणि दाराजवळच्या टोपलीत टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या न वाजवणारी एकच बाई तिथे होती. ती म्हणजे गादीवाल्याची बायको. सगळी गल्ली तिला मामी म्हणायची. मामी भिंतीला टेकून, कंबर धरून उभी होती. तिची नजर ठिपक्यावर नव्हती, टोपलीवर होती. त्या टोपलीत तळाशी तिच्या नवऱ्याचा पंपही पडला होता.

मामांनी जन्मभर कापूस पिंजला. कापूस गादीत गेला तसा थोडाथोडा छातीतही जाऊन बसला. डॉक्टरांनी पंप दिला होता आणि मामा तो नेमाने घ्यायचे. मग किरणबाबा आले, गोदाम मागून घेतलं, आणि मामांचा ठिपका भिंतीवर असा काही उडाला की मामा तिथल्या तिथे बाबांचे झाले. आज सकाळी मात्र जिना चढताना ते मध्येच मटकन बसले. ओठ निळे पडले होते.

"अहो, मी टोपलीतून पंप आणते. ऐका माझं."

"कशाला? काल माझी उडी बघितलीस ना?"

"उडी भिंतीवर मारलीत. जिना तुम्हालाच चढायचाय."

"अगं, गाठ सुटलीय. आता नुसता आळस राहिलाय अंगात."

आळसाने ओठ निळे पडल्याचं मामीने कधी ऐकलं नव्हतं. तिने भाचीला फोन केला. मामांच्या बहिणीची ही मुलगी छातीच्या इस्पितळात काम करायची. आजारी फुप्फुसांपायी श्वासाचे स्नायू किती ताठरतात ते उजेडाने मोजायचं नवीन यंत्र तिच्या हाताखाली होतं. ती आली तशी मामांनी तिला गोदामाच्या दारातच गाठलं.

"बघ, बाबांचं आणि तुझं यंत्र एकच! तेही उजेड टाकतात, तूही टाकतेस. उगाच इतकी वर्षं शिकलीस."

मामांच्या ओठांकडे बघून भाचीचा चेहरा उतरला. ती गोदामात शिरली आणि मामीच्या शेजारी उभी राहिली.

पुढचा रोगी आला. बाबांनी त्याला भिंतीच्या अगदी जवळ, गादीवर, भिंतीकडे तोंड करून बसवलं. बरगड्यांखाली नखाएवढा आरशाचा तुकडा डिंकाने चिकटवला. भिंतीलगतच्या तिवईवरून लाल बॅटरीचा किरण त्यावर सोडला. किरण आरशावरून उलटून भिंतीवर आला, आणि डिंकात पाय अडकलेल्या माशीसारखा जेमतेम थरथरला.

"अरेरे!" बाबा कळवळले. "केवढी ही गाठ! श्वास बिचारा तिकीट काढून बसलाय, पण गाडीच सुटत नाही!" मग त्यांनी रोग्याच्या डोक्यावर हात ठेवला, तोंडातल्या तोंडात काहीबाही पुटपुटले आणि हुकूम सोडला, "मामी, गादी शक्तिस्थानावर न्या!"

मामीने सुस्कारा सोडला. गादी उचलली आणि थेट मागच्या दारापर्यंत ओढत नेली. रोगी तिथे बसला, बाबांनी आरसा आणि किरण नीट जुळवला, आणि ठिपका भिंतभर उड्या मारू लागला. टाळ्या!

"मामी, कंबर का धरलीस गं?" भाचीने हळूच विचारलं.

"गाद्या ओढून ओढून. गाठ असली की गादी पुढे, सुटली की मागे. मी एकदा विचारलंसुद्धा, की इथेच का नाही दाखवत? तर म्हणाले, मोकळ्या श्वासाला पळायला मैदान लागतं."

भाचीने तोंडावर हात दाबला, पण हसू आवरेना. मग तिने मामीच्या कानात काहीतरी सांगितलं. ते ऐकून मामीची कंबरच सरळ झाली. कोपऱ्यातली एक नवी उशी काखेत मारून ती पुढे आली.

"बाबा, हिला बघा जरा. फार दिवस गुदमरल्यासारखं करतेय."

"ही? ही उशी आहे!"

"म्हणून काय झालं? कापूस तोच आहे, जो आमच्या ह्यांच्या छातीत आहे."

लोक हसले. भाचीने उशीवर आरसा चिकटवून ती पुढच्या जागी ठेवली. मामीने उशी हलकेच दाबली आणि सोडली. ठिपका जेमतेम थरथरला. मग मामी उशी घेऊन मागच्या दाराशी गेली, किरण जुळवला, आणि तेवढंच दाबलं. ठिपका छताला जाऊन भिडला.

"उशीची गाठ सुटली!" मामी ओरडली. "टाका हिची औषधं टोपलीत!"

न्हावी संतापला. "थट्टा करता? बाबा, तुम्ही स्वतः बसा पुढे! तुमचा श्वास बघून ह्यांची तोंडं बंद होतील!"

"नको, नको. माझा श्वास फार... सूक्ष्म आहे."

पण भक्तांचं प्रेम उतू चाललं होतं. चौघांनी धरून बाबांना भिंतीजवळ बसवलं, पोटावर आरसा चिकटवला. किरण पडला. बाबांनी जीव खाऊन श्वास घेतला, गाल फुगवले, डोळे वटारले. ठिपका होता तिथेच कुथत राहिला.

न्हाव्याने टाहो फोडला. "बाबांना गाठ! अरे देवा, आमच्या गाठी बाबांनी स्वतःवर घेतल्या!" तो धावत टोपलीशी गेला, आपला पंप काढला आणि बाबांच्या तोंडात कोंबू लागला. "ओढा बाबा, ओढा! जोरात ओढा!"

"अरे, सोड! मला काही झालेलं नाही!" बाबा घुसमटत किंचाळले. "भिंत जवळ आहे म्हणून कमी हलतोय, गाढवा! लांब बसलो की जास्त हलतो!"

गोदामातली सगळी तोंडं बाबांकडे वळली. स्वतःचं वाक्य बाबांच्याही कानावर उशिराच पोचलं.

"मग आमच्या गाठी?" न्हाव्याने हळूच विचारलं. बाबांनी मागच्या दाराकडे पाहिलं, पण तिथे मामी उशी घेऊन उभी होती.

भाचीने खिडकीवरची खोळ ओढून काढली. उजेड आत आला. "लहान आरसा किंचित कलला तरी लांबच्या भिंतीवर ठिपका खूप सरकतो, जवळच्या भिंतीवर कमी. श्वास तोच, फक्त बसायची जागा बदलली."

"आणि तुझं यंत्र?" मामांनी विचारलं.

"मामा, आम्ही अंतर बदलत नाही. बरगड्यांमधल्या स्नायूला बारीकशी टिचकी देतो आणि ती लहर किती वेगाने पळते ते उजेडाने बघतो. ताणलेल्या दोरीत ती झरझर पळते, सैल दोरीत रेंगाळते, तसंच. दमलेला स्नायू ताठरला की ते कळतं. पण ते यंत्र फक्त मोजतं, बरं करत नाही. तेही अजून नवीन आहे, म्हणून आम्ही त्याचीही परीक्षा घेतो, पुन्हा पुन्हा."

मामा टोपलीपाशी जाऊन वाकले, पण वाकताच धाप लागली. मामीने पंप शोधला, बाहीनेच पुसला आणि त्यांच्या हातात दिला. मामांनी ओढला, थांबले, पुन्हा ओढला. थोड्या वेळाने ओठांवरची निळाई उतरली. एवढ्या सगळ्या चमत्कारांत टाळी वाजवावी असं मामीला पहिल्यांदाच वाटलं, पण तिचे हात नवऱ्याच्या पाठीवर होते.

पुढच्या आठवड्यात मामांची इस्पितळात तपासणी झाली. स्नायू चांगलेच ताठरले होते. औषध, श्वासाचे व्यायाम आणि कापसाच्या धुळीपासून लांब राहणं, एवढंच सांगितलं. मामा जिना अजूनही थांबत थांबत चढतात, पण चढतात. न्हाव्याने आपला पंप परत नेला, आणि दाढी करताना गिऱ्हाइकांना बाबांची गोष्ट रंगवून सांगतो. त्यात स्वतः पहिल्यापासून शंका घेत होतो, असं बेधडक घालतो. मामी ऐकून घेते.

त्या दिवशीच्या गडबडीत बाबा पळाले, पण असे बाबा संपत नाहीत. त्यांचा किरण लाल असेल, निळा असेल, यंत्राला दहा बटणं असतील. डोळ्यांवर विश्वास ठेवा, पण डोळे उघडेही ठेवा. भिंतीवर तुमचा श्वास कितीही नाचला, तरी औषध सोडण्याआधी टाळ्या थांबवा, खिडकीवरची खोळ काढा, आणि मोठ्याने विचारा: मघाशी मला कुठे बसवलं होतं?