पान एकतीस, टीप दोन

आमच्या राज्यात माणशी साडेसहा मीटर रस्ता येतो. हे मी मनाचं सांगत नाही. रस्त्यांची एकूण लांबी चौऱ्याऐंशी हजार दोनशे सोळा किलोमीटर, लोकसंख्या एक कोटी एकोणतीस लाख. भागून बघा. परिवहन खात्याच्या सांख्यिकी शाखेत मला चौतीस वर्षं झाली. खातं दरवर्षी 'आकडे आणि माहिती' नावाची खिशात मावणारी अठ्ठेचाळीस पानी पुस्तिका काढतं, ती माझ्या हातची.

पुस्तिका छापायला जाण्याआधी तिची तपासणी आमच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हायची. मी मूळ कागदावरचे आकडे मोठ्याने वाचायचो आणि ही कच्च्या छपाईवर बोट ठेवून "हं" म्हणायची. ही म्हणजे माझी बायको. चूक सापडली की "अंहं". शाखेत तीन पदवीधर आहेत, पण तिघांचे मिळून तिच्याइतके "अंहं" निघाले नसते.

वर तिचे प्रश्न असायचे.

"पूल पाच हजार नऊशे एक्केचाळीस," मी वाचायचो. "त्यातले अरुंद तीनशे बारा."

"हं. अरुंद म्हणजे किती अरुंद?"

"दोन बस समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं इतके."

"मग कुठली जाते मागे?"

"ते पुस्तिकेत नाही."

"जे विचारावं ते नेमकं तुमच्या पुस्तिकेत नसतं."

खात्याच्या पैशाचं पान आलं की तिला विशेष चेव यायचा. खात्याकडे येणाऱ्या दर शंभरातले सेहेचाळीस इंधनावरच्या करातून, चोवीस अनुदानातून, एकवीस गाड्यांच्या नोंदणीतून आणि नऊ टोल नि दंडातून. "म्हणजे नियम मोडणारे नसते तर तुमचा पगार अर्धवट झाला असता," ती म्हणायची. "जरा मान देत जा त्यांना."

आणि माणशी साडेसहा मीटर हा आकडा तिने पहिल्यांदा ऐकला तेव्हा पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "माझे साडेसहा कुठले, तेवढं सांगा."

"असे वाटून दिलेले नसतात गं. ती सरासरी आहे."

"मग मीच घेते." दुसऱ्या दिवशी तिने आमच्या बसथांब्यावर पावलं टाकून मोजलं आणि जाहीर केलं की थांब्याच्या बाकापासून गटाराच्या झाकणापर्यंत रस्ता तिचा. त्या बाकावर ती रोज संध्याकाळी सहा दहाच्या बसची वाट बघत बसायची, कारण मी त्या बसने यायचो. मी उतरलो की म्हणायची, "माझ्या हद्दीत आलात. चला."

तिला जाऊन आठ महिने झाले.

आता थांब्याबद्दल सांगतो. अकरा वर्षांपूर्वी खात्याने ठरवलं की जिथे दिवसाला सरासरी पाचपेक्षा कमी प्रवासी चढतात तो थांबा बंद करायचा. थांबा बंद झाला की खांब, छप्पर, बाक, सगळं उचलून भांडारात जातं. पाच हा आकडा बैठकीत मीच सुचवला होता. साहेब म्हणाले, "चार की सहा?" मी म्हटलं, "पाच." इतकाच त्यामागचा अभ्यास. यासाठी वर्षातून एकदा सोमवार ते शुक्रवार मोजणी होते. मोजणारा माणूस सकाळी सात ते संध्याकाळी सात थांब्यावर बसतो, चढणाऱ्या प्रत्येकाची नोंद करतो आणि प्रवासाचं कारण विचारतो. नोकरी, शाळा, बाजार, दवाखाना, इतर.

आमचा थांबा आडबाजूचा. पण त्याची सरासरी अकरा वर्षं बरोबर पाच. ना वर, ना खाली. राज्यात अकरा हजार चारशे सात थांबे आहेत, दुसरा असा एक नाही. याचं मला फार कौतुक होतं. एका वर्षी मी पुस्तिकेत तळटीप टाकली, 'राज्यातील सर्वांत स्थिर थांबा'. ती वाचून दाखवली तेव्हा ही खाली मान घालून म्हणाली, "कमालच आहे नाही?"

यंदाची पुस्तिका माझी शेवटची. दोन महिन्यांनी निवृत्ती. मोजणीच्या सोमवारी संध्याकाळी मी सहा दहाला उतरलो तर बाकावर मोजणीवाल्या बाई बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, मांडीवर तक्ता, गळ्यात दोरीने बांधलेलं पेन. मी ओळख सांगितली आणि विचारलं, "पाच ना?"

"तीन."

"पाच असतील. परत बघा."

"अहो, मी एकतीस वर्षं वर्गात हजेरी घेतली आहे. साठ पोरांत एक पळाला तरी कळायचं मला. रखवालदार एक, शिंपीणबाई दोन, तुम्ही सकाळी आठ चाळीसला तीन. संपलं."

"हा राज्यातला सर्वांत स्थिर थांबा आहे."

"असेल. आज घसरला."

मी घरी जाऊन मागची वर्षं काढली. दर वर्षी नोकरी तीन, इतर दोन. हे 'इतर' दोघं कोण आणि यंदा गेले कुठे, मला काही केल्या उमगेना. आणि बाक तर जाणार. मी पंचवीस वर्षं भांडार बघतोय. तिथे गेलेलं बाक परत येत नाही, गंजतं.

मंगळवारी आठ चाळीसच्या बसला चढलो. ड्रायव्हर जुना, दहा महिने दुसऱ्या मार्गावर होता, कालच परत आलेला. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "काय भाऊ, यंदा वहिनींनी सुट्टी घेतली काय? काल मोजणी, आणि वहिनींचा पत्ता नाही."

"कसली सुट्टी?"

"आता माझ्यापासून कसलं लपवता! दर वर्षी मोजणीच्या आठवड्यात अकराला एकदा नि तीनला एकदा. चढायच्या, पुढच्या थांब्यावर उतरायच्या, चालत परत. मी एकदा विचारलं, वहिनी, असं काय? तर म्हणाल्या, यांचा गुडघा दुखतो, थांबा गेला तर रोज पुढच्या थांब्यापासून चालत यावं लागेल. आणि वर दम दिला, यांना बोलायचं नाही, यांचे आकडे फार सोवळे असतात."

मी त्याला सांगितलं, ती गेली म्हणून. त्याने बस बाजूला घेऊन उभी केली. मागून कोणीतरी ओरडलं, "चला की राव, उशीर होतोय." तो उठून मागे वळला आणि म्हणाला, "होऊ दे." मग परत बसला.

पुढच्या थांब्यावर मी उतरलो. आमची बस गोल मार्गाची, एकाच दिशेने फिरते. त्यामुळे परत यायचं तर चालतच. अंतर एक किलोमीटर शंभर मीटर, त्यात चढ. वाटेतून ऑफिसला फोन करून रजा मागितली. माझी दोनशे बारा दिवसांची रजा शिल्लक होती. साहेबांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" म्हटलं, "थांब्याचं काम आहे."

चालता चालता हिशोब केला. पाच दिवसांचे पंचवीस हवेत. सोमवारचे तीन झाले. उरलेल्या चार दिवसांत आमचे नेहमीचे तिघं मिळून बारा. कमी पडतात दहा. माझा गुडघा वाचावा म्हणून ही जे अंतर चालली, तेच अंतर मी आता त्याच गुडघ्याने चालायला निघालो होतो. ही असती तर म्हणाली असती, "अक्कल विकत मिळते का बघा बाजारात."

अकराला परत बसला चढायला लागलो तर मोजणीवाल्या बाईंनी पेन वर धरलं. "थांबा. तुम्ही सकाळी चढला होतात."

"हो."

"मग हे चालतं का?"

"पुस्तिका आहे ना तुमच्याकडे? पान एकतीस, टीप दोन."

त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "'एक वेळ बसमध्ये चढणे म्हणजे एक प्रवासी. दोन्ही पाय आत आल्यावर नोंद करावी. तीच व्यक्ती पुन्हा चढल्यास पुन्हा नोंद करावी.' हे कोणी लिहिलं?"

"मी."

"वाटलंच. वर्गात असे दोन तरी असायचे." त्यांनी रेघ ओढली. "प्रवासाचं कारण?"

मला खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं सांगायला तक्त्यात रकाना नव्हता.

"अहो, बस जाईल. काय लिहू?"

"इतर," मी म्हटलं.

मंगळवारी दोन फेऱ्या जास्तीच्या झाल्या. बुधवारी तीन, गुरुवारी तीन. बाईंनी बुधवारी दुपारी विचारलं, "सांगा तरी, हे कशासाठी?" मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडून एक रेघ फुकट मिळणार नाही, आधीच सांगते." मी म्हटलं, "नकोच आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी गुडघ्याला बांधायचा पट्टा आणून दिला. "हा तक्त्यात येत नाही, घ्या."

गुरुवारी रात्री माझ्या बहिणीचा फोन आला. तिला कुठून कळलं कोण जाणे. "दादा, तू दिवसभर बसमध्ये चढतोयस नि उतरतोयस म्हणे? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. गुडघा नाही."

"दोन महिन्यांनी तू घरीच बसणार. थांबा हवाय कशाला?"

"बसायला," मी म्हटलं.

गुरुवारअखेर वीस झाले होते. शुक्रवारी पाच हवे होते, म्हणजे तिघं नेहमीचे आणि माझ्या दोन जास्तीच्या फेऱ्या. तीनची बस धरून माझं काम झालं, असं समजून मी चढ चढून परत आलो. बाई तक्ता बघत बसल्या होत्या. चेहरा पडलेला.

"चोवीस," म्हणाल्या.

"पंचवीस."

"शिंपीणबाई आज आल्याच नाहीत. पाव्हणे आलेत म्हणे, दुकान बंद."

चारची बस होती, पाचची होती. पण मला उठवेना. गुडघा फुगून पट्ट्याबाहेर आला होता. मी बाकावर बसून राहिलो आणि दोन्ही बसना हाताने 'जा' केलं. बाई मधे एकदा म्हणाल्या, "मी चढले असते. पण त्याच पानावर टीप तीन आहे. 'मोजणी कर्मचाऱ्याची नोंद करू नये.' तीही तुमचीच का?"

"माझीच."

"किती हो लिहिलंत."

सहा दहाची बस आली. मुद्दाम बाकाला लागून थांबली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि तो खाली उतरून आला. एका बाजूने त्याने धरलं, पण बाईंनी हात पुढे केला नाही, कर्मचाऱ्याने प्रवाशाला मदत करावी असं टिपेत नव्हतं. पहिला पाय आत टाकला. दुसरा हाताने उचलून आत घेतला.

"दोन्ही पाय आत," बाई मोठ्याने म्हणाल्या आणि रेघ ओढली. "पंचवीस. कारण?"

"इतर."

"उतरा आता भाऊ," ड्रायव्हर म्हणाला. "झालं ना काम? पुढच्या थांब्यापर्यंत गेलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

मी दारात तसाच उभा राहिलो. खरंच लिहिलं नव्हतं. दोन्ही पाय आत, की नोंद. चढायचं आणि त्याच पावली उतरायचं. माझीच टीप, आणि चार दिवस मी चढ चढत होतो. मग आठवलं, ही टीप हिने अकरा वेळा तपासली होती. शब्द न् शब्द बोट ठेवून. तिच्या नजरेतून पूर्णविराम सुटायचा नाही, तर हे सुटलं असेल? तिला ठाऊक होतं. तरी ती दर वर्षी दहा वेळा तिकीट काढून पुढच्या थांब्यापर्यंत गेली आणि चालत आली, कारण नुसतं चढून उतरली असती तर माझा आकडा खोटा झाला असता.

"पुढचा थांबा द्या," मी म्हटलं आणि तिकिटाचे सुटे काढले.

परत यायला मला एक तास पाच मिनिटं लागली. एक किलोमीटर शंभर मीटर म्हणजे एकशे एकोणसत्तर माणसांच्या वाट्याचा रस्ता. त्यातली काही माणसं वाटेत भेटली, "काय झालं पायाला?" म्हणून विचारून गेली. मोजणीवाल्या बाई सातला तक्ता बंद करून गेल्या होत्या. बाकावर चुरगळलेला कागद ठेवून त्यावर दगड ठेवला होता. कागदावर लिहिलं होतं, 'सरासरी पाच. घरी जा.'

मी लगेच गेलो नाही. गटाराच्या झाकणापर्यंतचा रस्ता बघत थोडा वेळ तिच्या हद्दीत बसलो.