दीड मिलियन

"सगळं मिळून दीड मिलियन," लल्ला बेया म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. "आठवडाभराची खोली, दोन वेळचं जेवण, डोळ्यात औषध घालणं, पहिल्या रात्री उशाशी बसणं, सगळं धरून. पटतंय ना, लखमीसी भाऊ?"

लखमीसीचा घास तोंडातच राहिला.

"काय रे, तिखट लागलं? तुझ्या वाटचं मी बेतानंच घातलं होतं."

"नाही, तिखट बरोबर आहे."

"मग? जास्त सांगितले का?"

"नाही, लल्ला. सकाळी सांगतो." थोरल्या बाईला इथे मानाने लल्ला म्हणतात, तसंच तोही म्हणायचा.

"सकाळी काय सांगतोस, दुपारी तर ऑपरेशन! बरं, सांग सकाळी. तुम्हा अल्जीरियाच्या माणसांना घासाघीस केल्याशिवाय झोप येत नाही, मला काय नवीन आहे?" ती हसली आणि त्याला न विचारताच कॉफी ठेवायला उठली. चार दिवसांत तिने त्याला कॉफीचं कधी विचारलं नव्हतं. जेवण झालं की पेला समोर यायचा.

समोरच्या धुरकट आकृतीकडे लखमीसी बघत राहिला. तिचा चेहरा त्याने अजून नीट पाहिलेलाच नव्हता. उजवा डोळा लहानपणी चुना उडून गेलेला. डाव्यावर दोन वर्षांपासून मोतीबिंदू चढत होता. सूक अहरासच्या इस्पितळात यंत्र बंद आणि यादीत नंबर अकरा महिन्यांनंतरचा, म्हणून तो सीमा ओलांडून ट्युनिसला आला होता. एकटाच. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं.

निघताना मेहुण्याने, तय्यबने, त्याला तासभर शिकवणी दिली होती. तय्यबचा पासपोर्ट ट्युनिसच्या टॅक्सीतळावर एकदा चोरीला गेला होता, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द अखेरचा. "पैसे तीन ठिकाणी ठेव. कोणासमोर मोजू नकोस. जो पहिल्या दिवशी लुबाडतो तो साधा चोर. जो चार दिवस गोड बोलतो ना दाजी, तो खरा!"

त्याहून मोठी भानगड हिशेबाची होती. अल्जीरियात लोक अजूनही सेंटिममध्ये, म्हणजे दिनाराच्या शंभराव्या भागात मोजतात, जे कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. दहा हजार दिनारांना तिथे एक मिलियन म्हणतात. ट्युनिसमध्ये दिनाराचे हजार मिलीम, म्हणून एका दिनाराला लोक हजार म्हणतात आणि हजार दिनारांना मिलियन. शब्द एकच, पण इथला मिलियन तिथल्याच्या साडेसातपट. लखमीसीने अडतीस वर्षं घरोघरी पाण्याच्या मीटरचे आकडे टिपले होते. आकड्यात फसणं त्याला परवडणारं नव्हतं. पहिल्याच दिवशी बेया म्हणाली, "खोलीचे रोज तीस हजार. आमचे हजार, बरं का," तेव्हा त्याने कागदावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: इथला हजार म्हणजे १ दिनार. इथला मिलियन म्हणजे १००० दिनार.

आता त्याने त्याच कोष्टकात दीड मिलियन घातले. पंधराशे दिनार!

त्याच्याजवळ होते दोन हजार सातशे पन्नास. त्यातले दोन हजार ऑपरेशनचे. पंधराशे हिला दिले तर ऑपरेशन होणार नव्हतं.

पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट त्याला जास्त लागली. आज क्लिनिकमध्ये सांगितलं होतं की ऑपरेशननंतर पट्टी दुसऱ्या सकाळपर्यंत काढायची नाही. म्हणजे एक अख्खी रात्र तो ठार आंधळा असणार, परक्या शहरात, खिशात नोटा घेऊन. येताना रस्ताभर त्याने विचार करून ठरवलं होतं की पैशांची पिशवी बेयाच्या हातात द्यायची आणि निवांत पडायचं. तीन वर्षांत असं कोणाच्या भरवशावर पडून राहावं असं त्याला पहिल्यांदाच वाटलं होतं.

त्याने कॉफी प्यायली आणि उत्तम झाली आहे असं सांगितलं.

सकाळी तो कपड्यांची पिशवी घेऊनच खोलीबाहेर आला.

"लल्ला, माझा भाचा आलाय. अन्नाबाहून. हॉटेलात उतरलाय. म्हणतो, मामा, परक्यांकडे कशाला राहायचं?"

'परक्यांकडे' हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याला तो ऐकू आला. बेया ओट्याशी पाठमोरी होती. कॉफीचं भांडं तिने विस्तवावरून उतरवलं आणि पुन्हा ठेवलं.

"भाचा आहे हे बोलला नाहीस कधी."

"तो... कामात असतो."

"बरं झालं. आपलं माणूस जवळ असलं म्हणजे बरं." त्याने पुढे केलेले चार दिवसांचे एकशेवीस दिनार तिने न मोजता घेतले. मग ती भराभर बोलायला लागली. "भाच्याला सांग, बाटलीचं टोक पापणीला टेकवायचं नाही. औषध घातलं की मिनिटभर नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा, नाहीतर सगळं घशात उतरतं. डाव्या कुशीवर झोपू द्यायचं नाही. आणि तू वाकू नकोस, बूट त्याला घालू दे. लिहून देऊ का?"

"लक्षात राहील."

तिने चार उकडलेली अंडी आणि पाव फडक्यात बांधून त्याच्या हातात दिले. "हॉटेलात काय धड मिळतंय?"

तो गल्लीत आला तेव्हा त्याला हायसं वाटायला हवं होतं. पैसे तिन्ही ठिकाणी शाबूत होते.

क्लिनिकजवळच त्याने पन्नास दिनारांत हॉटेलची खोली घेतली आणि वेळेवर जाऊन बसला. खिडकीतल्या मुलीने ऑपरेशनचे दोन हजार मोजून घेतले आणि कागद पुढे सरकवला.

"सोबतीला काल दिलेलंच नाव ना, हाजी? लल्ला बेया?"

लखमीसी हजला गेलेला नव्हता, पण इथे पांढऱ्या केसांना सगळे हाजीच म्हणत. "नाही. ते खोडा."

"मग कोणाचं लिहू?"

"एकटाच आहे."

"असं कसं चालेल? एकच डोळा तुमचा, तोही बांधणार. तुम्हाला फाटकाबाहेर नेणार कोण? सोबती नसेल तर डॉक्टर हात लावायचे नाहीत."

"मी पैसे भरलेत, पोरी."

"पैशांना डोळे नसतात, हाजी."

शेजारच्या खुर्चीवरून एक जाडजूड आवाज आला. "माझं लिही गं. फौदील. हे आमच्याकडचे दिसतात, बोलण्यावरून कळतंय. सूक अहरास ना? मी गेल्माचा. माझी आई आत आहे, तिचाही डोळाच."

"नातं काय?" मुलीने विचारलं.

"भाचा लिही, आणखी काय!"

सकाळचा खोटा भाचा लखमीसीला आठवला. पण मुलीने लिहिलं आणि शिक्का मारला.

डोळ्यात औषध घालून त्यांना बाकावर बसवलं. तासभर थांबायचं होतं. एवढं केलेल्या माणसाला काहीतरी द्यावं म्हणून लखमीसी त्याच्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "इथे जपून राहा, बाळा. मी ज्या बाईकडे होतो ना, वरून साखर! चार दिवस मला भाऊ भाऊ केलं आणि काल आठवड्याचे दीड मिलियन मागितले."

"खोलीचे?"

"खोली, जेवण, औषध घालणं. सगळ्याचे."

"जेवणासकट दीड मिलियन?" फौदील ताडकन सरळ बसला. "पत्ता द्या मला. आजच आईला हलवतो तिथे!"

"अरे, पंधराशे दिनार होतात!"

"पंधराशे? हाजी, ती तुमच्या मिलियनमध्ये बोलली. आपल्या! इथले सगळे अल्जीरियाच्या गिऱ्हाइकांशी अल्जीरियाच्याच हिशेबात बोलतात. समोरचा औषधवाला, टॅक्सीवाला, झाडून सगळे. आपल्याला सोपं पडावं म्हणून."

"पण पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, तीस हजार, आमचे हजार."

"पहिल्या दिवशी तुम्ही परके होता ना."

लखमीसीच्या डोक्यात हिशेब आपोआप सुटत गेला, त्याला थांबवता येईना. तिथले पंधरा हजार दिनार. इथल्या एका दिनाराला तिथले पंच्याहत्तर, म्हणजे भागले की इथले दोनशे. सात दिवसांची नुसती खोलीच दोनशे दहाची. म्हणजे जेवण, औषध आणि रात्रीचं जागरण तिने फुकट धरलं होतं. वरचे दहाही सोडले होते.

"फोन करा की तिला," फौदील म्हणाला. "आहे ना नंबर?"

नंबर होता. लखमीसीने फोन हातात घेतला. औषधाने पसरलेल्या बाहुलीला पडदा म्हणजे नुसता पांढरा चटका दिसत होता.

"काय सांगू तिला? सकाळी भाचा आलाय म्हणून सांगितलं."

"मग आलाय की भाचा! शिक्का मारून आलाय." फौदील पोटभर हसला. "सांगा, मामा, माणसाची चूक होते."

"आणि का निघालो ते? तुम्हाला चोर समजलो, हे कसं सांगू?"

 फौदीलने पुन्हा पत्ता मागितला. लखमीसीने दिला. तिला एक गिऱ्हाईक मिळेल, एवढं तरी आपल्या हातून होईल, असं त्याला वाटलं.

ऑपरेशनला वीस मिनिटंही लागली नाहीत. पाचच्या सुमारास फौदीलने त्याला दंडाला धरून हॉटेलच्या खोलीत आणलं, पलंगावर बसवलं आणि त्याचा हात एकेका वस्तूवर ठेवला. पाणी इथे, बाटली इथे, संडास सरळ सहा पावलं. मग तो आईकडे गेला.

पुढचे पंधरा तास लखमीसी दाराला खुर्ची लावून तिच्यावर बसून राहिला. बाहेर पावलं वाजली की तो श्वास रोखायचा. एकदा त्याने नोटा काढून चाचपल्या. दहाची कुठली आणि पन्नासची कुठली, बोटांना पत्ता लागेना. सगळ्या सारख्याच मऊ. त्या कोणी निम्म्या केल्या असत्या तरी त्याला कळलं नसतं. आणि त्या राखायला तो इथे येऊन बसला होता! नर्सने दिलेल्या गोळ्या घेताना एक खाली पडली. वाकायचं नव्हतं, म्हणून त्याने ती पायाने शोधली आणि मग तशीच राहू दिली.

सकाळी नर्सने पट्टी काढली. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली आणि त्याने शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. "दर दोन तासांनी औषध. घालणारं कोणी आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे," तो म्हणाला.

बाहेर पडल्यावर त्याने हॉटेलातून पिशवी उचलली आणि सरळ बेयाची गल्ली गाठली. बोलायचं काय हे तो वाटेत जुळवत होता. लल्ला, मी अडाणी माणूस, माझ्याकडून चूक झाली, खोली द्या. तीनच वाक्यं. दारावर थाप मारण्यापूर्वी त्याने ती पुन्हा एकदा म्हणून पाहिली.

दार उघडलं.

"या, सी लखमीसी," ती म्हणाली. गिऱ्हाइकाला अदबीनं 'सी' म्हणतात, तसं. "बसा ना. कसा आहे डोळा?"

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पलंगावर डोळा बांधलेली एक म्हातारी झोपली होती.

"काल संध्याकाळी तुमच्या भाच्यानं आणून सोडलं यांना," बेया आवाज खाली आणून म्हणाली. "आणि मिलियनची गोष्टही सांगितली. किती हसले मी! पंधराशे दिनार! एवढ्या पैशांत मी तुम्हाला दुसरा डोळासुद्धा बसवून दिला असता."

तीही हसली, तोही हसला. मग दोघंही थांबले.

"लल्ला, माझ्याकडून..."

"चूक माझीच. इथल्या पैशांतच सांगायला हवं होतं. आणि तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. परक्या गावात माणसानं जपूनच राहावं." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "औषधाची वेळ झाली असेल. आणा ती बाटली."

त्याने मान मागे टाकली. तिने पापणी वर धरली आणि थेंब बरोबर मधोमध पडला. मग नाकाजवळचा कोपरा दाबून ती मनातल्या मनात मिनिट मोजत उभी राहिली. तिचा अंगठा गार होता. मिनिट संपलं तसा तो उचलला गेला.

लखमीसीने डोळा उघडला. औषधाचं पाणी एका बाजूला सरलं आणि तिचा चेहरा हातभर अंतरावर स्वच्छ उभा राहिला. त्याला वाटलं होतं त्याहून ती म्हातारी होती. भुवया विरळ झालेल्या, हनुवटीवर फिकट निळं गोंदण, कपाळावर भाजल्याचा नखाएवढा जुना डाग. ती त्याच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघत होती.

"कॉफी घेणार का?" तिने विचारलं.

"नको, लल्ला. उशीर होतोय."

"बरं. जपून जा. दोन दिवस धूळ लागू देऊ नका."

तो गल्लीच्या वळणापर्यंत गेला आणि मागे वळला. ती अजून दारात उभी होती. एवढ्या अंतरावरूनही त्याला तिच्या बाहीवरचा ठिगळाचा टाका न् टाका दिसला. त्याने हात वर केला. तिनेही केला. मग तिने दार लावून घेतलं. हळूच, आवाज न करता. पाहुणा गेल्यावर लावतात तसं.