डाव्या पायाची बाहेरची कड

टोळाने छातीवरच्या ओळखपत्राची पिन काढली, डावा मोजा खाली सरकवला आणि पावलाच्या बाहेरच्या कडेवर टोक टेकवलं. आधी हलकेच, मग जरा दाबून. करंगळीजवळ, घोट्याखाली, पोटरीच्या बाहेरच्या अंगाला. रक्ताचा एक बारीक ठिपका वर आला. तो त्याला दिसला, पण टोचल्याचं कळलं नाही.

"चाळणी करतोयस का त्याची?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून सर म्हणाले. "ठेव ती पिन."

सर त्याचे प्रशिक्षक. उंच उडीच्या मैदानावर पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला टोळ म्हटलं होतं आणि मग ते नावच पडलं. टोळाने मोजा वर ओढला, लोंबणारं पाऊल सावरणारा पट्टा घोट्याभोवती आवळला आणि उठून चालायला लागला. उडी मारताना तो नऊ पावलं धावत येई. रंगमंचामागच्या या खोलीत सहाव्या पावलालाच भिंत यायची. तो वळायचा, पुन्हा सहा पावलं टाकायचा.

भिंतीवरच्या छोट्या टीव्हीवर सभागृह दिसत होतं. एक गोलरक्षक मुलगी माइकसमोर उभी राहून गोवराने गेलेल्या तिच्या धाकट्या भावाबद्दल सांगत होती. समोर देशोदेशीचे आरोग्यमंत्री आणि लस बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं बसली होती. लहान मुलांच्या नव्या लसी गरीब देशांना श्रीमंत देशांबरोबर त्याच वर्षी द्यायच्या, की श्रीमंतांचं भागल्यावर, याचा निर्णय आज संध्याकाळपर्यंत व्हायचा होता. त्याआधी नऊ देशांच्या नऊ खेळाडूंना चार-चार मिनिटं मिळाली होती. टोळ शेवटचा होता, कारण त्याच्याकडे दाखवायला पाय होता.

सहा वर्षं तो एकच गोष्ट सांगत आला होता. आमच्या वस्तीत लस पोचली नाही, पोलिओ पोचला. लसीकरण मोहिमेच्या पोस्टरवर त्याच्या पट्टा बांधलेल्या पायाखाली हेच वाक्य होतं.

तीन आठवड्यांपूर्वी मोठ्या स्पर्धेआधीची तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरने कापसाचा बोळा हातात घेऊन त्याला डोळे मिटायला सांगितलं. "लागलं की सांगा." टोळ वाट बघत राहिला. शेवटी कंटाळून डोळे उघडले, तर डॉक्टर बोळा ठेवून लिहायला बसला होता.

"पोलिओत ताकद जाते, स्पर्श जात नाही," डॉक्टर म्हणाला होता. "तुमचे दोन्ही गेलेत. ही कुल्ल्यातून पायात उतरणारी नस दुखावलेली आहे. लहानपणी कुणी तिथे सुई दिली होती का?"

अपंग खेळाडूंच्या स्पर्धेतला त्याचा गट बदलला नाही. उडीही तेवढीच राहिली.

"हे बघ," सर म्हणाले, "पाय तोच, उडी तीच. कागदावर आहे ते वाच आणि ये."

"खोटं आहे ते, सर."

"गेल्या महिन्यापर्यंत खरं होतं ना? मग आजचा एक दिवस अजून."

टोळाने फोन उचलला. तीन आठवडे रोज उचलून खाली ठेवला होता, तसाच. या वेळी नंबर लावला. आई कपड्यांच्या कारखान्यात काजं करणाऱ्या मशीनवर होती आणि मागच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून त्याने स्पीकर सुरू केला.

"बोल रे. खाल्लंस का काही?"

"आई, लहानपणी मला कमरेखाली सुई दिली होती का?"

मशीनं चालू होती. तिचं मात्र थांबलं असावं.

"कोण म्हणालं?"

टोळ जागच्या जागी उभा राहिला. सरांनी मान वर केली.

"डॉक्टर."

"हं. तीन खेपा घातल्या मी दवाखान्यात. तिन्ही वेळा तेच. लस संपली, पुढच्या गाडीने येईल. तिसऱ्या खेपेला तू खांद्यावर, तापाने फणफणलेला. दाराबाहेर एक जण पेटी घेऊन बसायचा. म्हणाला, आत नाही ती माझ्याकडे आहे. म्हणाला, थेंबांपेक्षा सुईत जोर जास्त."

"मग?"

"मग काय? तू लाथा झाडत होतास. तो म्हणाला, बाई, पाय घट्ट धरा. मी धरला."

टोळाने खाली पट्ट्याकडे बघितलं.

"घरी येईस्तोवर एकच पाय झाडत होतास," आई म्हणाली.

"आणि पोलिओ?"

"मी नव्हतं म्हटलं आधी. सगळेच म्हणाले. मोठ्या डॉक्टरनेही लांबूनच बघून लिहून दिलं. मग मीही म्हणायला लागले. पोलिओ झाला म्हटलं की पाय कोणी धरला होता, हे कुणी विचारत नाही."

"आई, अगं..."

"ऐक. तिथे सांगणार असशील तर सगळं सांग. अर्धंमुर्धं नको. मी धरला होता, तेही सांग. दहा मिनिटं मशीनं बंद ठेवणार आहेत इथे, तुझ्यासाठी. टीव्ही लावलाय मोठा. चाळीस बायका आहोत. ऐकू देत त्यांनाही." मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ठेवते. दोरा तुटलाय माझा."

सरांनी पाण्याची बाटली उघडून पुढे केली. टोळाने ती घेतली आणि न पिताच पुन्हा चालायला लागला. सहा पावलं, भिंत. सहा पावलं, भिंत. सरांनी त्याला बस म्हटलं नाही.

दार ढकलून ताई आत आल्या. मोहिमेचं सगळं त्याच बघत. गळ्यात दोन ओळखपत्रं, हातात तीन फोन. "चल चॅम्पियन, पाच मिनिटं राहिली. चेहरा असा का? सरांनी उपाशी ठेवलं की काय?"

टोळाने उभ्या उभ्याच सांगितलं. पाय कोणी धरला होता ते सोडून बाकी सगळं. ताईंनी एकेक करून तिन्ही फोन टेबलावर पालथे घातले.

"म्हणजे तू तिथे जाऊन म्हणणार, सुईने माझा पाय गेला. उद्या निम्म्या आया आमच्या नर्सना बघून दारं लावून घेतील."

"ती सुई लसीची नव्हती, ताई. लस नव्हती, म्हणून ती सुई होती."

"कळतंय मला. हा फरक लोकांना समजवायला मला बावीस वर्षं पुरली नाहीत. तुला चार मिनिटं आहेत." त्यांनी कपाळ चोळलं. "तू नाही गेलास तरी चालेल. तब्येत बिघडली म्हणून सांगते. पोस्टरची फिल्म लावते तुझ्या जागी."

"फिल्ममध्येही पोलिओच आहे."

ताईंनी सरांकडे बघितलं. सर बाटलीचं झाकण फिरवत होते. "माझ्याकडे काय बघता?" ते म्हणाले. "आडवी काठी किती उंच लावायची, एवढंच मी याला सांगू शकतो."

टोळाने भाषणाचा कागद ताईंच्या हातात दिला, फोन सरांच्या हातात दिला आणि तो बाहेर पडला.

माइकसमोर आल्यावर पायाशी ठेवलेल्या घड्याळात चार मिनिटांचे आकडे पेटले आणि उलटे पळू लागले. मागच्या काचेच्या खोल्यांमध्ये दुभाषे बसले होते.

"गेली सहा वर्षं मी सांगत आलो की मला पोलिओ झाला होता," तो म्हणाला. "मला पोलिओ झाला नव्हता."

वाक्य एकेका भाषेत पोचत गेलं तशा कागदांवरच्या माना वर आल्या. आधी डावीकडच्या, मग मधल्या, सगळ्यात शेवटी मागच्या रांगेतल्या. टोळाने कापसाच्या बोळ्याचं सांगितलं. तीन खेपा सांगितल्या, पुढच्या गाडीने येणारी लस सांगितली. ती लस चांगली होती, हे त्याने दोनदा सांगितलं, कारण ताईंचं म्हणणं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. वस्तीतल्या ज्या मुलांना ती मिळाली ती आजही दोन्ही पायांवर धडधाकट होती. "आत लस असती," तो म्हणाला, "तर बाहेरच्या पेटीवाल्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नसतं."

पहिल्या रांगेतल्या एका मंत्र्याने लेखणीला टोपण लावलं, पुन्हा काढलं. घड्याळात चाळीस सेकंद उरले होते.

"त्याने सुई भरली," टोळ म्हणाला. "मी लाथा झाडत होतो."

आणि तो थांबला. पंचवीस. वीस. समोरच्या कॅमेऱ्यावर लाल ठिपका पेटलेला होता. त्या ठिपक्यापलीकडे कुठेतरी मशीनं बंद होती आणि चाळीस बायका हात पुसून बसल्या होत्या. दुभाष्यांपैकी एकीने काचेतून मान उंचावून बघितलं, माइक बंद पडला की काय म्हणून.

"पाय त्यानेच धरला," टोळ म्हणाला. "एका हातात सुई, दुसऱ्या हातात माझा पाय. एका शेजारणीने मला त्याच्याकडे नेलं होतं. आई तिथे नव्हती. ती आत होती, दवाखान्यात. लसीच्या रांगेत."

आकडे शून्यावर गेले. टाळ्याही माना वर आल्या होत्या तशाच आल्या, आधी डावीकडून, मग मधून. पडद्याआड ताई डोळे पुसत कुणाशी तरी फोनवर बोलायला लागल्या होत्या. त्यांच्या शेजारी सर उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हातातला टोळाचा फोन थरथरायला लागला होता. सरांनी त्यावरचं 'आई' हे नाव वाचलं, आणि फोन तसाच वाजत ठेवून ते टोळ पायऱ्या उतरून येण्याची वाट बघत राहिले.