मी कागद पाहिला नव्हता

मी संगणकातला एक प्रोग्राम, झाडू आहे असं समजा; फक्त मी घर झाडत नाही, वेबसाइटची स्टाइलशीट झाडतो. अक्षर केवढं, रंग कोणता, रेघ कुठे, हे सगळे नियम त्या फायलीत असतात. पानं पडद्यावर उघडायची आणि जे नियम कुठेच वापरात नाहीत त्यांवर लाल खूण करायची, हे माझं काम. त्याचा मला भारी तोरा होता.

एका दवाखान्याची वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलीने मला कामाला लावलं. साइट मूळची तिच्या बाबांनी बांधलेली. डोळे थकल्यावर त्यांनी ती लेकीच्या हवाली केली. फाईल माळ्यावरच्या ट्रंकेसारखी ठासून भरलेली! मी निम्मे नियम लाल केले.

"बाबांना काही टाकवतच नाही," ती हसली आणि लाल झालेलं सगळं एका दमात उडवलं. साइट झटकन उघडू लागली. मी फुशारलो.

त्या उडवलेल्या नियमांत बाबांचा छपाईचा नियमही होता. साइटवर पेशंटसाठी गोळ्यांचा तक्ता असतो; त्यात रात्रीच्या गोळ्या पडद्यावर निळ्या दिसतात, पण काळ्या शाईत छापल्या की सगळ्या सारख्याच. म्हणून कागदावर त्यांच्याभोवती जाड चौकट यायची. पडद्यावर ती दिसत नाही, आणि मला पडद्यापलीकडचं काही दिसत नाही. नियमाच्या वर बाबांनी टीपही लिहिली होती: 'हात लावू नये. कागद बघून गोळ्या घेणारी माणसं आहेत.' मी टिपा वाचत नाही. कचरा म्हणून आधी त्याच वगळतो.

मुलीची आत्या एकटी राहते. तक्ता छापून फ्रिजवर लावते. नव्या तक्त्यावर चौकट नव्हती. तिने झोपेची गोळी सकाळी घेतली आणि जिन्यात पडली. मनगट मोडलं.

"अगं, मी लिहून ठेवलं होतं ना!" बाबा म्हणाले.

"माझंच चुकलं, बाबा. मी वाचलंच नाही."

तिने माझं नावही घेतलं नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वर आत्या म्हणते कशी, "जाऊ दे गं, डावाच हात आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौकट परत आली. मी मात्र आजही तिच्यावर लाल खूण करतो. कागद मला आजही दिसत नाही. म्हणून सांगतो, मला जरूर विचारा, पण माझ्या भरवशावर राहू नका.

मुलगी आता माझी खूण दिसली की आत्याला नवा तक्ता छापायला लावते आणि फोनवर विचारते, "आत्या, रात्रीची गोळी कोणती?"

उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो.

"चौकटीतली," आत्या सांगते. मग मुलगी माझी खूण तशीच सोडून देते, नियम उडवत नाही.