सोलायच्या रेषा

पाट्या कापणारा प्लॉटर थांबला होता आणि तिघांपैकी कोणीच बोलत नव्हतं. नवऱ्याने नुकतंच, पडद्याकडे न बघता, "हे सॉफ्टवेअर घ्यायचं," एवढंच म्हटलं होतं. कारणाची जागा मात्र रिकामीच ठेवली होती. त्याच्या धाकट्या भावाचा हात माउसवर तसाच राहिला. ती टेबलाच्या टोकाशी चिकट विनाइलच्या गुंडाळीची कड नखाने चाचपत बसली. शांततेलाही धार असते, आणि ती खोलीतल्या प्रत्येकाला वेगळ्या ठिकाणी कापते.

"दादा," शेवटी दीर म्हणाला, "तुझ्या तोंडालाही लायसन लागतं का?"

पाट्यांचं हे दुकान तिघांचं. दीर पडद्यावर पाटी रचायचा. नवरा ती प्लॉटरवर कापून काचांवर, दारांवर चढवायचा. या दोघांच्या मधलं काम तिचं. कापलेल्या विनाइलमधून अक्षरांभोवतीचा आणि अक्षरांच्या पोटातला नको तो भाग ती चिमट्याने सोलून काढी, तेव्हा कुठे मागच्या कागदावर नुसती अक्षरं उरत. जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून दोन नवी चाचणीपुरती आणली होती. दिराच्या पसंतीचं देखणं होतं. त्यात सावल्या होत्या, वेलबुट्ट्या होत्या, काचेवर पाटी कशी दिसेल ते गिऱ्हाइकाला आधीच दाखवायची सोय होती. नवऱ्याने बोट ठेवलेलं दुसरं करड्या रंगाचं, अबोल, थोडंसं त्याच्यासारखंच.

तिने दिराची बाजू घेतली होती, आणि जरा जास्तच जोरात घेतली होती. बोलणं लांबलं असतं तर ते सावल्यांवरून सोलण्यावर आलं असतं, आणि तिथे तिला कोणी यायला नको होतं. गेले काही महिने कापाच्या रेषा तिच्यापुरत्या मावळत चालल्या होत्या. काळ्या, लाल विनाइलवर निभावून जाई. पण पांढऱ्या कागदावरचं पांढरं विनाइल म्हणजे पहाटेचं धुकं, ज्यात रस्ता असतो आणि दिसत नाही. मग ती त्यावर अंगाला लावायची पावडर शिंपडून तळव्याने चोळी. पावडर कापांत जाऊन बसे आणि रेषा पुन्हा वर येत. आपल्या पाट्यांना तान्ह्या बाळाचा वास येतो, अशी दीर थट्टा करी. ती हसे. हसताना तिला लग्नानंतरचे पहिले दिवस आठवत, जेव्हा ती दारापाशी बसून येणाऱ्याला नुसतं "बसा" म्हणत असे. या टेबलाशी ती स्वतःच्या बोटांनी पोचली होती. बोटांना वाट दाखवणारे डोळेच थकले, हे कळलं तर पुन्हा दारापाशी.

वाद मिटवायला दिराने तोडगा काढला: एकच पाटी दोन्हींतून कापायची, वहिनींनी सोलायची, आणि त्या म्हणतील ते घ्यायचं. दवाखान्याच्या काचेवरची वेळांची पाटी होती, बारीक अक्षरांची. नवऱ्याने काळं विनाइल उचललं. गिऱ्हाइकाला पांढरं हवंय, असं दिराने बजावलं.

"काळं काय वाईट आहे?" नवरा म्हणाला.

"पांढरंच लावा," ती म्हणाली. काळं चालेल म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

पहिली पाटी दिराच्या सॉफ्टवेअरमधून उतरली. दोघे शेजारी उभे असताना पावडरीचा डबा काढणं तिला जमेना. तिने कोपरा धरला आणि ओढलं. सगळं पांढरं एका अखंड चादरीसारखं उठू लागलं. कुठे थांबायचं ते दिसत नव्हतं, नुसतं आठवत होतं. चादर वाकडी झाली, स्वतःलाच चिकटली. ती बाजूला झाली तेव्हा कागदावरच्या अर्ध्या अक्षरांची पोटं भरलेलीच राहिली होती, आणि एका ओळीवर दोन अक्षरंच नव्हती. ती सोललेल्या कचऱ्यात लटकत होती.

दीर हसायला गेला आणि मध्येच थांबला.

नवऱ्याने करड्या सॉफ्टवेअरमधून कापलेली दुसरी पाटी समोर ठेवली. तिने बोट फिरवलं. प्रत्येक अक्षराभोवती एक बारीकशी चौकट कापलेली होती आणि ओळींच्या मधूनही आडवा काप गेला होता. पाटीवर यातलं काहीच उरणार नव्हतं. ते होतं फक्त सोलणाऱ्यासाठी. नखाला कड सापडली. एक छोटा तुकडा निघाला, मग त्याच्या शेजारचा, जसे एकामागून एक खिडकीचे पडदे सरकवावेत. चूक झालीच तर ती एका अक्षराची होणार होती, सगळ्या ओळीची नाही. तिने डोळे मिटले, कोणाला कळणार नाही इतपत, आणि हात चालूच राहिले.

या सॉफ्टवेअरमध्ये देखणं काही नव्हतं. होत्या त्या बोटांनी वाचायच्या रेषा.

दीर बराच वेळ त्या कागदाकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिला. वेली आपण दुसरीकडे काढून यात आणू, कापायला मात्र हेच बरं, असं तो हळूच म्हणाला. "फक्त हा करडा रंग तेवढा बदलता येतो का बघ, दादा. सकाळी उघडलं की सुतक असल्यासारखं वाटतं." मग बाहेर गिऱ्हाइकाची चाहूल लागली आणि तो दुकानाच्या पुढच्या भागात गेला.

तिने शेवटचा तुकडा उचलला. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"पावडरीचे डबे लवकर संपायला लागले तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलत नव्हतीस."

बाहेरून दिराचा आवाज येत होता; तो कोणाला तरी दाराची उंची विचारत होता.

"टेबल तुझंच आहे," नवरा म्हणाला. "पण रेषा मी विकत आणू शकतो, डोळे नाही. उद्या डॉक्टरकडे जाऊ. येशील ना?"

तिने त्याच्या बाहीला चिकटलेली विनाइलची एक पांढरी चिंधी बोटाने शोधून अलगद काढली. क्षणभर ती तिच्या बोटालाच चिकटून राहिली. मग ती पाटी दोन्ही हातांत सपाट धरून उठली, आणि उद्या सकाळी दुकान त्यालाच उघडावं लागेल, हे दिराला सांगायला पुढच्या भागात निघून गेली.